डाव्या बाजूचं मीठ

नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. केळीच्या पानावर भाताची मूद बसते, तिच्यावर पिवळं वरण आणि तुपाची धार येते. उजवीकडे भाज्या, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. एरवी जिथं सगळ्यात आधी मिठाची चिमूट पडते तो वरचा डावा कोपरा मात्र देवाच्या पानात कोरा राहतो. लग्न होऊन दादरच्या या घरात आले, तेव्हा सासूबाईंना मी कारण विचारलं होतं. "देव अळणी-खारट म्हणत नाही. म्हणणारे आपण," असं म्हणून त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि विषय संपवला.

आता आमच्याकडे कोऱ्या कोपऱ्याचं आणखी एक पान मांडलं जातं. ते अप्पांचं, माझ्या सासऱ्यांचं.

अप्पा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवण्यात उमेद गेली. उलटी अक्षरं सुलट वाचायची सवय अजून सुटलेली नाही. रक्ताचा रिपोर्ट आला की चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी नेऊन ते आधी एकच ओळ शोधतात, पोटॅशियमची. आकडा पाचाच्या आत असला की म्हणतात, "आज बटाटा." रक्तदाबानं वर्षानुवर्षं गुपचूप आपलं काम केलं आणि दोन्ही मूत्रपिंडं थकली. मधुमेह नाही, एवढंच नशीब. त्यामुळे साखर हा आमच्या घरचा शत्रू नाही. बाकी बहुतेक सगळं आहे.

आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर खेपेला चार तास. १६८ तासांच्या आठवड्यात यंत्राच्या वाट्याला १२ तास येतात. उरलेल्या १५६ तासांत रक्तात जे जे साचतं त्याचा हिशेब स्वयंपाकघरात लागतो. मीठ वाढलं की तहान वाढते, तहानेनं पाणी पोटात जातं, आणि ते बाहेर पडायला वाट नसल्यामुळे पायांवर, मग छातीत चढतं. पोटॅशियम तर त्याहून लबाड. ते दुखत नाही, खुपत नाही. एकदम हृदयाचा ताल चुकवतं. फॉस्फरस सावकाश हाडं खातो. आणि या सगळ्यातून प्रथिनं मात्र भरपूर द्यायची, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. कारण डायलिसिसमध्ये तीही थोडी वाहून जातात. डायलिसिस लागण्याआधी हेच डॉक्टर डाळ कमी करा म्हणत होते. अप्पा म्हणाले, "प्रूफ तपासणारा बदलला की चुका बदलतात."

हे यंत्रही थोडंफार स्वयंपाकघरातूनच आलेलं आहे. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरनं सॉसेजचं आवरण म्हणून वापरतात त्या सेलोफेनच्या नळीचे वेढे एका पिंपाला दिले, त्यातून रुग्णाचं रक्त खेळवलं आणि ते पिंप क्षाराच्या पाण्यात फिरत ठेवलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. अप्पांना ही गोष्ट अतिशय प्रिय आहे. "म्हणजे माझं रक्त सॉसेजात धुतात म्हण की!" हे वाक्य ते मुद्दाम गणपतीच्या दिवसांत, आत्याबाई सोवळ्यात असताना म्हणतात.

पण मला सांगायचं आहे ते गेल्या चतुर्थीच्या स्वयंपाकाबद्दल.

हरतालिकेच्या दिवशी दादरचा बाजार ज्यानं पाहिला नाही त्यानं मुंबईतला पावसाळा अर्धाच पाहिला. केशवसुत उड्डाणपुलाखाली पाय ठेवायला जागा नसते. ओल्या गोणपाटांवर दूर्वांच्या जुड्या, पत्रीचे पुडे, आघाडा, शमी, केवडा, मिटलेली कमळं, आणि गुंडाळ्या करून रचलेली केळीची पानं. वसई-पालघरकडच्या बायका ऋषिपंचमीच्या भाजीचे वाटे लावून बसलेल्या असतात. अळूची पानं देठांसकट, लाल माठ, सुरणाचा तुकडा, भोपळ्याची फाक, मक्याचं कणीस, भेंडी, शिराळं. त्या एका वाट्यात श्रावण-भाद्रपद सगळा येतो. आणि अप्पांच्या पथ्याच्या कागदावर ज्यांच्यासमोर फुली आहे त्यांतले बरेचसेही येतात. सुरण, अळू, माठ, भोपळा, सगळी पोटॅशियमची कोठारं. पालक, रताळं, टोमॅटो, चिंच हीही त्यांचीच भावंडं.

सणाच्या गर्दीत ज्यांना कुणी हात लावत नाही त्या भाज्या अप्पांच्या कामाच्या. दुधी. पडवळ. तोंडली. काकडी. पडवळ तर कोपऱ्यात वेटोळं करून बिचारं पडून असतं. पडवळाला लोक नाकं मुरडतात ते मला कधीच पटलेलं नाही. कोवळं असलं, बिया काढून पातळ चकत्या केल्या आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीवर वाफेत शिजवलं, की त्याला जो हिरवा, पावसाळी वास सुटतो तो दुसऱ्या कुठल्या भाजीला नाही. माझी नेहमीची भाजीवाली मला लांबूनच ओळखते. "ताई, बाबांचं पडवळ ठेवलंय बाजूला. आणि तोंडली बघा, एक पिकलेलं निघायचं नाही." तोंडली हाती आली आणि मी निम्मी निर्धास्त झाले. मसालेभाताला तोंडलीच लागतात, आणि मसालेभात झाला की सण झाला. नियतीनं मसालेभातात बटाटा सक्तीचा केला असता तर अप्पांचं काय झालं असतं, हा विचार मी तिथं चिखलात उभी राहून केला.

परतताना शिवाजी पार्कच्या बाजूला शहाळेवाला दिसतो. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. अप्पांची बातमी पसरली तेव्हा आठवडाभर आमच्या दारात शहाळ्यांची रांग होती. एका शहाळ्यात केळ्याएवढं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं. म्हणजे लोक प्रेमानं नेमकं नको तेच आणत होते. ती शहाळी मी, माझ्या नवऱ्यानं आणि बिल्डिंगच्या वॉचमननं संपवली. मिठाचंही तसंच. एका स्नेह्यांनी 'कमी सोडियमचं, हृदयाला चांगलं' म्हणून मिठाचं महागडं पाकीट आणलं. त्यात सोडियमऐवजी भर असते पोटॅशियम क्लोराइडची. रक्तदाबाच्या साध्या रुग्णाला ते चालेलही, पण ज्याची मूत्रपिंडं थांबली आहेत त्याच्या घरात ते पाकीट असूच नये. सैंधव म्हणाल तर रंगानं गुलाबी, आतून बरंचसं तेच सोडियम. आणि शाळांबाहेर तिखट-मीठ लावून विकतात ते चांदणीच्या आकाराचं कमरख अप्पांनी चाखायचंसुद्धा नाही. त्यातलं विष निरोगी माणूस लघवीवाटे टाकून देतो. किडनीच्या रुग्णाच्या ते थेट मेंदूवर जातं.

घरी आल्यावर सासूबाईंची 'रुचिरा' काढली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप त्यानं घरोघर नेलं. आमच्या प्रतीच्या समासात सासूबाईंच्या हातचं 'मीठ अंदाजे' असं पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. त्याच्याखाली मी आता माझे आकडे लिहिते. दिवसभरात माणसानं ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते तर धडधाकट माणसाला. चतुर्थीला आठ पानं होती. सगळ्या स्वयंपाकाला मिळून दोन सपाट चमचे मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवलं आणि बरणी वरच्या फळीवर चढवली. पापड आणि लोणचं मुळात बाहेर काढलंच नाही. त्यांच्यात दुसरं असतं तरी काय.

मग चव कुठून आणायची? तर फोडणीतून, भाजण्यातून आणि आंबटातून. लालबागच्या मसाला गल्लीतून धणे, दगडफूल, तीळ, लवंग-दालचिनी आणून घरी गोडा मसाला केला होता. तयार मसाल्यांत पुष्कळदा मीठ आधीच घातलेलं असतं, म्हणून हा उपद्व्याप. दगडफूल मंद आचेवर परतताना जो मातकट, जंगलातला वास येतो, त्याच्यापुढे जिभेला मिठाची आठवण थोडा वेळ तरी राहत नाही. जिरं कच्चं न घालता भाजून कुटायचं. कढीलिंब तुपात कुरकुरीत होऊ द्यायचा. आणि लिंबू पानात शेवटी पिळायचं, कारण ताज्या आंबटपणानं जीभ फसते. अळणी जेवण आणि कमी मिठाचं जेवण यांत फरक आहे, आणि तो फरक सगळा स्वयंपाक करणाऱ्याच्या आळसात आहे, हे माझं मत मी कुणालाही ऐकवायला तयार आहे.

खरी गंमत पाण्याची. प्रेशर कुकर आल्यापासून आपण पाणी फेकायचं विसरलो. सासूबाई लहानपणी कोकणात होत्या. त्यांच्याकडे भात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढत. पुरणाची डाळ शिजली की कट वेगळा करत. चक्का फडक्यात बांधून रात्रभर खुंटीला टांगत, की निवळ खाली ठिबकून जाई. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. भाजी-डाळ जितकी बारीक, पाणी जितकं जास्त, तितकं ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे आहारतज्ज्ञ बाई मला कागदावर जे शिकवत होत्या ते आमच्या आज्यांच्या हातात आधीपासून होतं, कारण वेगळं असेल. कुकरमध्ये मात्र सगळं जिथल्या तिथं राहतं. म्हणून अप्पांसाठी तूरडाळ मी भिजवते, उघड्या टोपात खळखळून उकळते, ते पाणी ओतून टाकते आणि दुसऱ्या पाण्यात शिजवते. वरण थोडं पातळ मनाचं होतं खरं, पण हिंग, हळद आणि तूप त्याला उभं करतात. डाळीत फॉस्फरस आहेच. मात्र तो फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि माणसाच्या आतड्याला तो नीट सोडवता येत नाही. पाकिटातलं चीज, कोला यांत जो फॉस्फेट घालतात तो जवळजवळ सगळा रक्तात जातो. तेव्हा वरण-भात राहिला, चीज गेलं. दादरच्या माणसाला हा सौदा वाईट नाही.

बटाट्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यावर अप्पांचा जीव आहे. चिरलेला बटाटा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला की झालं, असं सगळे सांगतात. २००८ साली अमेरिकेत बटाट्याच्या अभ्यासकांनी हे मोजून पाहिलं. नुसत्या भिजवण्यानं जवळजवळ काही फरक पडला नाही. फोडी करून उकळला तेव्हा पोटॅशियम निम्मं झालं. किसून उकळला तेव्हा पाऊण गेलं. तेव्हापासून आमच्याकडे बटाट्याच्या भाजीत फोडी बोटाच्या पेराहून लहान असतात, दोनदा मोठ्या टोपात उकळलेल्या. "सगळं सत्त्व फेकून देतेस गं," शेजारच्या काकू हळहळतात. अगदी बरोबर, सत्त्वच फेकते. पाणी गार झालं की खिडकीतल्या तगरीला घालते. पोटॅशियमवर पोसलेली ती तगर दोन मजल्यांवरून डोकावेल इतकी माजली आहे.

मोदकांपाशी मात्र मी थांबले. सारण म्हणजे ओला नारळ आणि गूळ, दोन्ही कागदावर फुलीचे. उसाच्या रसातले क्षार गुळात राहतात, पांढऱ्या साखरेत ते जवळपास नसतात. त्यामुळे साखरेचं सारण करा, नारळ कमी करून रवा घाला, असे सल्ले होते. मी एकदा तसं सारण शिजवून चाखलं. गोड होतं. पण त्याला वासच नव्हता. गूळ नारळात वितळताना घरभर जो धुंद, ओलसर वास पसरतो, ज्यानं गणपती आले हे शेजाऱ्यांना कळतं, तो नाही. खोटे पाच देण्यापेक्षा खरा एक द्यावा, असं ठरवलं. आंबेमोहराच्या पिठीची उकड काढली, नेहमीचं सारण केलं, एकवीस कळ्यांचे देवाचे मोदक वळले, आणि अप्पांच्या वाट्याला एक, पाकळ्या मोजून घ्याव्यात इतका नीट. वर चमचाभर तूप.

उरलेल्या उकडीच्या मी निवगऱ्या केल्या. हिरवी मिरची आणि जिरं वाटून पिठीत मळायचं, चपट्या थापून वाफवायच्या. मोदकांच्या गडबडीत निवगरीला कुणी भाव देत नाही. अप्पांच्या दृष्टीनं तिच्यासारखी गोष्ट नाही. तांदूळ, तिखट आणि वाफ. मनमुराद खाता येते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून गरम गरम दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "गणपतीला मोदक ठेव. मला ही चालेल."

२७ ऑगस्ट २०२५, चतुर्थी, बुधवार होता, आणि बुधवार अप्पांचा वार. डायलिसिसला सणाची सुटी नसते. सकाळची पहिली पाळी घेतली. नवरा त्यांना न्यायला-आणायला. धाकट्या दिरांनी पूजा सांभाळली. सिद्धिविनायकाच्या मंदिराचा न्यास स्वतः डायलिसिस केंद्र चालवतो, तेव्हा गणपतीला या खोळंब्याचा राग आला नसणार. अप्पा परतले तेव्हा आरती संपत आली होती. चेहरा उतरलेला, डाव्या दंडावर सुईच्या जागी पट्टी. त्या हातानं झांज वाजवायची नाही म्हणून उजव्या हातानं मांडीवर ताल धरून बसले. मग तासभर झोपले. पानं थांबली. डायलिसिसनंतर लगेच भूक नसते, अंगातून सगळं पिळून काढल्यासारखं वाटतं. पण रक्त तेव्हा सगळ्यात स्वच्छ असतं. सणाचं जेवण जेवायला याहून चांगली वेळ आठवड्यात दुसरी नाही.

दुपारी आठ पानं मांडली. ओळखीच्या किती तरी घरांत मी पाहिलं आहे, पथ्याच्या माणसाचं ताट आधी, आतल्या खोलीत उरकतात. उकडलेलं, बेचव, स्टीलच्या ताटलीत. मग बाहेर पंगत बसते आणि तो माणूस आतून हसण्याचे आवाज ऐकत पडतो. आमच्याकडे एकच स्वयंपाक होता. तोंडल्यांचा मसालेभात, साधं वरण, पडवळाची भाजी, दोनदा उकळलेल्या बटाट्याची भाजी, शेंगदाण्याच्या कुटाऐवजी मिरची-जिऱ्याच्या फोडणीची काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, टांगलेल्या चक्क्याचं श्रीखंड, मोदक. सणाला अंडं-मासळी नाही, म्हणून अप्पांना प्रथिनांसाठी श्रीखंड थोडं सढळ. पंचामृत केलं ते चिंच-तीळ-दाण्यांचं, ते त्यांच्या पानात नाही. एवढाच भेद.

सात पानांच्या डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलं. अप्पांच्या पानात त्याच जागी फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी ठेवली. ती पहिल्या घासाबरोबरच घ्यायची असते. आत्याबाईंनी मसालेभाताचा घास घेतला, क्षणभर थांबल्या, काही न बोलता डावीकडून मिठाची चिमूट घेतली आणि पुढे जेवल्या. ज्याला हवं त्यानं आपल्यापुरतं घ्यावं, यासाठीच तर पानात ते मीठ असतं. सगळ्या भांड्यात आधीच ओतून ठेवायचं आणि मग एकाला वगळायचं, हा उद्योग अलीकडचा.

पाण्याचा पेला अप्पांपुढे नव्हता. त्यांची दिवसाची बाटली वेगळी, रेघा मारलेली. त्यातून आमटी, ताक, चहा, तीर्थसुद्धा वजा होतं. जेवणाआधी चित्राहुती घातल्या, तळहातावर आपोशनाचं पाणी घेतलं, आणि तो एक घोट त्यांनी इतका सावकाश घेतला की नातू म्हणाला, "आजोबा, संपलं ते." जेवण झाल्यावर पुन्हा तळहातभर. मध्ये तहान लागली तेव्हा लिंबाच्या पाण्याचा गोठवलेला एक खडा तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी झाली. ती पाणी फेकून करता येत नाही, केली तर ती ऋषीची राहत नाही. अप्पांनी चमचाभर प्रसाद म्हणून घेतली.

यंदाची, २०२६ची, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, आणि तो सोमवार आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या रुग्णाला शुक्रवारनंतर दोन दिवस कोरे जातात, आणि तोच काळ धोक्याचा. २०११ साली अमेरिकेतल्या ३२ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यूंचं आणि हृदयाच्या तक्रारींचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. म्हणून चतुर्थीच्या आदला रविवार आमच्याकडे कडक जाईल, बटाटा नाही, दाणे नाहीत, फळ म्हणाल तर सफरचंदाची फोड. सोमवारी आधी पहिली पाळी, मग पान.

प्रत्येकाचा कागद वेगळा असतो. अप्पांना चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. तेव्हा सणाला तुमच्याकडे डायलिसिसवरचा कुणी जेवायला येणार असेल, तर शहाळं आणून ठेवू नका आणि त्याचं ताट आत मांडू नका. दोन दिवस आधी फोन करा, त्याचे वार कोणते ते विचारा आणि बेत त्यावरून ठरवा.